कुजक्या लाकडाचा कोळसा चकमकीची ठिणगी धरेना

निमूट | सोमवार, रात्री ९.१०

मंडळी, चिंधीचा कोळसा मला जमतो. जुना सुती बनियन कापायचा, पत्र्याच्या डबीत भरायचा, झाकणाला खिळ्याने भोक पाडायचं, डबी विस्तवावर ठेवायची आणि धूर थांबला की उतरवायची. त्या काळ्या चिंधीवर चकमकीची चौथी-पाचवी ठिणगी बसते आणि लाल ठिपका हळूहळू पसरत जातो. बघत राहावंसं वाटतं.

पण रानात आठवडाभर राहायचं म्हटलं तर बनियन पुरणार किती? म्हणून रानातच मिळेल अशा वस्तूचा कोळसा करायचं ठरवलं. पडलेल्या ओंडक्यातलं कुजकं लाकूड आणलं. अंगठ्याने दाबलं की खड्डा पडतो, इतकं भुसभुशीत. चार दिवस उन्हात वाळवलं, त्याच डबीत भरलं, तसंच भाजलं. धूर आला, थांबला, डबी उतरवली, गार केली. तुकडे छान काळे निघाले. पण ठिणगी पडते, क्षणभर बसते आणि विझते. काल शंभरेक वार केले. कोळशाऐवजी माझ्या तर्जनीचं सालपट निघालं.

चुकतंय कुठे? लाकूड, डबी, दगड की मी?

गारगोटी | सोमवार, रात्री ९.२५

डबी किती वेळ ठेवली होती? एक तुकडा मोडून आतला रंग सांगा.

निमूट | सोमवार, रात्री ९.४०

वीसेक मिनिटं. आत्ताच मोडला. बाहेर काळा, आत गडद तपकिरी.

गारगोटी | सोमवार, रात्री ९.४४

मग कच्चा राहिलाय. चिंधी पातळ असते, तिला वेळ लागत नाही. लाकडाचा तुकडा अंगठ्याएवढा जाड असेल तर गाभ्यापर्यंत धग पोचायला बराच वेळ जातो. तुकडे लहान करा आणि पुन्हा लावा.

निमूट | सोमवार, रात्री ९.५१

पण धूर तर पूर्ण थांबला होता हो. धूर थांबला म्हणजे झालं, असंच ना?

फुफाटा | सोमवार, रात्री १०.०२

शीर्षकात 'चकमक' वाचून धावत आलो. म्हटलं, कुणाची कुणाशी उडाली? इथे तर सगळे गुण्यागोविंदाने बोलतायत. निराशा झाली.

संशयात्मा | सोमवार, रात्री १०.३०

थांबा फुफाटा, मी आलोय.

मुळात हा उद्योग कशासाठी? खिशात लायटर ठेवा, जोडीला दुसरा लायटर ठेवा. फारच हौस असेल तर फेरो रॉड, म्हणजे ठिणग्या पाडणारी मिश्रधातूची कांडी, घ्या. भिजला तरी चालतो, हजारो वेळा घासता येतो आणि त्याच्या ठिणगीवर सुका कापूस न भाजताच भडकतो. आधी आग पेटवून कोळसा करायचा आणि मग त्या कोळशाने आग पेटवायची, यात काहीतरी उलटं नाही का वाटत?

काजळी | सोमवार, रात्री ११.१५

संशयात्मा, उलटं वाटतं खरं, पण ती एक साखळी आहे. आजच्या आगीत उद्याचा कोळसा करून ठेवायचा. काड्यापेटी नव्हती तेव्हा लोक हेच करत. घासून पेटणाऱ्या काड्या जॉन वॉकरने विकायला काढल्या १८२७ मध्ये आणि तुमच्या फेरो रॉडचा मिश्रधातू कार्ल आउअर फॉन वेल्सबाखचा, १९०३ चा. त्याआधी शतकानुशतकं घरोघरच्या डबीत चकमक, पोलाद आणि असाच काहीतरी जळका भुगा असायचा.

आता ठिणगीचं. फेरो रॉडची ठिणगी तीन हजार अंशांच्या आसपास जाते आणि आकारानेही मोठी असते, त्यामुळे तिला कच्चा कापूस चालतो. चकमकीची ठिणगी म्हणजे दगडाच्या धारेने खरवडलेला पोलादाचा सूक्ष्म कण. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन तो लाल होतो. तो त्यामानाने थंड, आणि त्याच्यात एकूण उष्णता फारच थोडी. कच्च्या लाकडावर पडला तर ती सगळी उष्णता ओल उडवण्यात आणि लाकडातून वायू काढण्यातच खर्च होते. पेटायला काही उरतच नाही.

कोळसा करताना ते काम आपण आधीच उरकून ठेवतो. हवा जवळजवळ नाही अशा डबीत लाकूड तापलं की पेटत नाही, त्यातले घटक फुटतात. आधी पाणी जातं. मग दोनशेच्या पुढे हेमिसेल्युलोज तुटायला लागतं, तीनशे ते चारशेच्या दरम्यान सेल्युलोज. लिग्निन मात्र सावकाश, बऱ्याच वरच्या तापमानापर्यंत. मागे उरतो सच्छिद्र कार्बन. त्याला ज्वाळा लागत नाही, तो नुसता धुमसतो, आणि धुमसायला त्याला एवढासा कणही पुरतो. निमूटरावांचा आतला तपकिरी भाग म्हणजे हे काम अर्धवट झालंय. गारगोटींशी सहमत.

फुफाटा | सोमवार, रात्री ११.२०

आता कसं धाग्याला धागापण आलं.

संशयात्मा | सोमवार, रात्री ११.३८

माहिती रोचक आहे. लायटर तरी ठेवाच.

काजळी | सोमवार, रात्री ११.४०

ठेवतेच की. मीही दोन ठेवते.

रानवाट | मंगळवार, सकाळी ६.५०

निमूट, ओंडका कसा कुजला होता ते बघितलंत का? कुजकं म्हटलं की सगळं सारखं नसतं. एका प्रकारात लाकूड पांढुरकं, स्पंजासारखं, धाग्याधाग्याचं होतं. चुरगाळलं तर दबतं आणि थोडं परत येतं. दुसऱ्यात ते तपकिरी होतं, उभ्या-आडव्या भेगा पडून चौकोनी ठोकळे सुटतात आणि बोटात घेतलं की पूड. कोळशासाठी मी पहिलंच घेतो. पिसासारखं हलकं असावं, नखाने उकरलं तर सहज निघावं, आणि उभं वाळलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. जमिनीला टेकलेल्या ओंडक्यात ओल मुरलेली असते. वरून वाळलेला दिसतो, पण फसवतो.

काजळी | मंगळवार, सकाळी ९.०५

रानवाटभाऊ, तुमच्या पहिल्या प्रकारात बुरशी लिग्निन खाते आणि सेल्युलोज बरंचसं मागे राहतं. दुसऱ्यात नेमकं उलट, सेल्युलोज जातं आणि तपकिरी लिग्निन उरतं. कापूस, ताग, अंबाडी हे सगळे सेल्युलोजचेच धागे, म्हणून पांढरं कुजकं लाकूड स्वभावाने चिंधीच्या जवळचं.

पानगळ | मंगळवार, सकाळी १०.३०

किंचित असहमत. तपकिरीचाही कोळसा मी केलाय आणि त्याने ठिणगी धरलीय. अडचण एवढीच की हातात तुकडा राहत नाही, भुगा होतो. मग तो उथळ झाकणात पसरायचा आणि ठिणग्या वरून त्यात पाडायच्या. दगडावर धरून काम होत नाही. म्हणजे निमूट यांचं लाकूड तपकिरी असतं तरी शंभर वारांत एकदा तरी लागायला हवं होतं.

चिंतातुर | मंगळवार, सकाळी ११.००

पोलादाचं कुणीच विचारलं नाही. मी सहा महिने एका चकचकीत चाकूच्या पाठीवर दगड घासत होतो. नंतर कळलं, स्टेनलेसला ठिणगी पडते तरी मरतुकडी. साधं मऊ लोखंडही कुचकामी. कार्बन जास्त असलेलं आणि नीट पाणी दिलेलं पोलाद हवं. जुनी कानस उत्तम. फक्त तिचे दात एका कडेने घासून सपाट करायचे.

फुफाटा | मंगळवार, सकाळी ११.०६

सहा महिने! दगडाचं काय झालं?

चिंतातुर | मंगळवार, सकाळी ११.१०

वाळू.

निमूट | मंगळवार, दुपारी १.१५

पोलाद कानशीचंच आहे आणि त्याच चकमकीने चिंधी पेटते, त्यामुळे दगड-पोलाद निर्दोष. लाकूड पांढुरकं, स्पंजासारखं आहे, पण जमिनीला टेकलेल्या ओंडक्यातलं. रानवाटभाऊ, तिथे पकडलंत. बघतो.

गारगोटी | मंगळवार, दुपारी १.४०

एक विचारायचं राहिलं. तुकडा दगडावर कसा धरता? कोळसा दगडाच्या वर, धारेच्या अगदी काठाशी, अंगठ्याखाली हवा. वार खाली सरकवत मारायचा म्हणजे ठिणग्या वर उडून त्याच्यावर पडतात. आणि तुकड्याची गुळगुळीत बाजू पुढे नको. ताजी मोडलेली, केसाळ कड पुढे हवी. चिंधीला सगळीकडून सुताचे तुसे असतात, म्हणून ती कशीही धरली तरी चालते. लाकडाचे लाड करावे लागतात.

फुंकणी | मंगळवार, दुपारी ३.००

वाचतोय, म्हटलं आपलीही कथा सांगावी. दोनदा भाजलोय.

पहिल्यांदा उतावीळपणे. डबी विस्तवावरून काढली, दोन-तीन मिनिटं थांबलो, झाकण उघडलं. आत सगळं काळं, शांत. दोन श्वास घेईपर्यंत कडेला बारीक तांबूस रेषा उमटली आणि माझ्या डोळ्यादेखत सरकत सरकत सगळ्या तुकड्यांवरून गेली. झाकण परत लावलं तोवर निम्म्याची राख. दुपारभर गोळा केलेल्या मालाची. तेव्हापासून डबी उघड्या हातात सहज धरवत नाही तोवर उघडत नाही. भोकातही विस्तवावरून काढल्या काढल्या काटकी ठोकतो, नाहीतर गार होताना ते हवा आत ओढतं.

दुसऱ्यांदा निष्काळजीपणे. पेटलेला तुकडा बुटाखाली दाबला, काळा पडला, विझला समजून कापडी पिशवीत टाकला. अर्ध्या तासाने कुल्ल्यावर चटका. पिशवीला तळहाताएवढं भोक, पँटला रुपयाएवढं, आणि मला किती ते सांगत नाही.

फुफाटा | मंगळवार, दुपारी ३.०४

आगीतून फुफाट्यात ऐकलं होतं, आगीतून खिशात पहिल्यांदाच.

मोरपंखी | मंगळवार, दुपारी ४.२०

चकमक मला कधीच जमली नाही, मनगट दुखतं. पण ऊन असलं तर बहिर्गोल भिंग आणि हाच कोळसा ही जोडी झकास आहे. पांढऱ्या कुजक्या लाकडावर भिंग धरलं तर ऊन परावर्तित होतं, बराच वेळ नुसता धूर निघत राहतो. काळ्या कोळशावर ठिपका नीट आणला की बघता बघता लाल. ढगाळ हवेत मात्र बसा हात चोळत.

संशयात्मा | मंगळवार, संध्याकाळी ६.००

समजा, डबीच नाही. रानात पत्र्याची डबी उगवत नाही. मग तुमचा 'रानातला कोळसा' कसा होणार?

रानवाट | मंगळवार, रात्री ८.३०

चांगला मुद्दा आहे. सावकाश सांगतो, कारण मला हाच प्रकार जास्त आवडतो.

वितभर लांबीचं कुजकं, हलकं लाकूड घ्यायचं. एक टोक विस्तवात धरायचं. आधी ज्वाळा येते, ती येऊ द्यायची. ज्वाळा म्हणजे आतले वायू जळतायत. मग ती बसते आणि टोक लालबुंद होतं, कडेने पांढरी राख धरायला लागते. इथे चुळबुळ करायची नाही आणि झोपायचंही नाही. राख जाड झाली म्हणजे कोळसाच जळायला लागला, तो आपल्याला हवाय. लाल झालेलं टोक त्याच क्षणी हवाबंद करायचं. पेराच्या बांबूचं नळकांडं असेल तर त्यात घालून तोंड ओल्या मातीने लिंपायचं. नसेल तर कोरड्या बारीक मातीत खोल खुपसून वरून दाबायचं. ओल्या मातीत नको, कोळसा पाणी पितो. तासाभराने काढायचं. वर राखेचा पापुद्रा असतो, तो फुंकून टाकायचा, खाली मखमलीसारखा काळा थर. त्याच्यावरच ठिणगी पाडायची. काम झालं की तेच टोक परत पुरायचं. एक काठी बरेच दिवस पुरते, दर वेळी थोडी आखूड होते.

डबीइतका एकसारखा माल निघत नाही, हे मान्य. पण डबीही लागत नाही.

घायपाताच्या वाळलेल्या दांड्याचा आतला मऊ गर याच पद्धतीने फार छान होतो. पाणकणसाचं बोंडही भाजून बघा, मात्र ते डबीत, कारण उघड्यावर भुर्रकन उडून जातं.

पानगळ | मंगळवार, रात्री ९.१५

रानवाट, क्या बात है. 'एक काठी बरेच दिवस पुरते' हे वाक्य वाचून काठीत जीव असल्यासारखं वाटलं.

बुरशीचं कुणी काढलं नाही म्हणून मी काढतो. झाडाच्या खोडावर घोड्याच्या खुरासारखी कडक बुरशी येते, फोमेस फोमेंटॅरियस. तिच्या कवचाखाली चामड्यासारखा तपकिरी थर असतो. तो सोलून, उकळून, बडवून मऊ केला की युरोपात त्याला आमाडू म्हणत. सोऱ्याच्या (पोटॅशियम नायट्रेट) किंवा राखेच्या पाण्यात भिजवून वाळवला की ठिणगी आणखी लवकर धरतो. आणि डाल्डिनिया म्हणून काळी गोळ्यासारखी बुरशी मेलेल्या लाकडावर येते. ती वाळलेली असली तर न भाजताच ठिणगी धरते आणि उदबत्तीसारखी सावकाश धुमसत राहते.

१९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, ओत्झी. त्याच्या कमरेच्या पिशवीत हीच खुरासारखी बुरशी होती, तिच्यात पायराइटचे, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाचे, कण अडकलेले. म्हणजे तो पायराइट घासून ठिणगी पाडत असणार. शिवाय बर्चच्या सालीच्या डब्यात मेपलच्या पानांत कोळशाचे तुकडे. आदल्या मुक्कामाचा निखारा पानात गुंडाळून पुढे नेत असावा असं मानतात.

संशयात्मा | मंगळवार, रात्री ९.३०

आणि तरीही गोठला बिचारा. लायटर असता तर?

पानगळ | मंगळवार, रात्री ९.३४

गोठला नंतर. खांद्यात बाणाचं टोक सापडलंय. लायटरने बाण अडत नाही.

संशयात्मा | मंगळवार, रात्री ९.३६

शब्द मागे. लायटर मागे नाही.

चिंतातुर | बुधवार, सकाळी ८.००

पानगळ, सोऱ्यावरून तोड्याची बंदूक आठवली. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. एकदा पेटवली की सावकाश धुमसत राहायची, चाप ओढला की पेटतं टोक दारूवर टेकायचं. तत्त्व तेच. राखेचं पाणी मात्र कसं काय काम करतं?

काजळी | बुधवार, सकाळी ९.२०

सोरा तापला की ऑक्सिजन देतो, ते सरळ आहे. राखेतल्या पोटॅशियमच्या क्षारांची तऱ्हा वेगळी. ते स्वतः काही देत नाहीत, पण कार्बनचं धुमसणं त्यांच्यामुळे सोपं होतं. राख पाण्यात ढवळायची, निवळू द्यायची आणि वरचं पाणी घ्यायचं. हातमोजे घालून, कातडी सोलवटते. लाकूड त्यात भिजवून वाळवून मग भाजायचं. पण निमूटरावांनी हे आत्ता करू नये. आधी साधा कोळसा जमू दे.

आणि भाजणं मोकळ्या हवेतच. भोकातून जे निघतं त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. जस्ताचा मुलामा असलेली डबीही नको.

मोरपंखी | बुधवार, सकाळी ९.४०

रानात करणार असाल तर तिथे आग पेटवायला परवानगी आहे का, हेही आधी बघा. कोरड्या दिवसांत एक ठिणगी भलतीकडेही बसते.

निमूट | शुक्रवार, रात्री ८.०५

मंडळी, लागली!

आता चूक सांगतो, कारण ती इथल्या कुणाच्याच यादीत नव्हती. लाकूड बदललं, उभ्या मेलेल्या झाडाचं आणलं. तुकडे नखाएवढे केले. डबी ठेवली. पंधरा मिनिटांत धूर थांबला. इतक्या लवकर? संशय आला म्हणून खिळा घेतला आणि भोकात खुपसला. भोक बुजलेलं होतं! डांबरासारखा काळा चिकटा. खिळा आत गेला आणि बाजूने फस्सकन पांढरा धूर उसळला, त्याला वरची ठिणगी लागून वाटीएवढी ज्योत पेटली. म्हणजे गेल्या वेळी धूर संपला नव्हताच, कोंडला होता, आणि मी झालं म्हणून डबी उतरवून मोकळा. चिंधीतून एवढा चिकटा निघत नाही, त्यामुळे हे कधी लक्षातच आलं नाही.

मग दर चार-पाच मिनिटांनी खिळा फिरवत बसलो. धूर पांढरा दाट होता, तो विरळ झाला, निळसर झाला आणि शेवटी खरोखर थांबला. पंचेचाळीस मिनिटं लागली. भोकात काटकी ठोकली, डबी रात्रभर तशीच ठेवली (फुंकणी, तुमच्या पँटची आठवण ठेवून). सकाळी तुकडा मोडला, आतबाहेर सारखा काळा. मोडलेली कड पुढे धरली. सातव्या वाराला कडेला मोहरीएवढा लाल ठिपका बसला. विझेल विझेल म्हणून श्वास रोखला, तर तो आत सरकला. वाळक्या गवताच्या घरट्यात ठेवला, घरटं सैल मिटलं, तोंडासमोर जरा उंच धरलं आणि खालून लांब फुंकर घातली. धूर पिवळट, दाट झाला आणि एकदम भप्प.

मात्र आज पावसाळी हवा होती. तोच डबीतला कोळसा, वीस वार केले तरी धरेना. ओल खाल्ली असेल का?

गारगोटी | शुक्रवार, रात्री ८.२०

अभिनंदन! ओलच. भोकाची डबी भाजायची वेगळी आणि साठवायची वेगळी, घट्ट झाकणाची. ओल खाल्लेला कोळसा विस्तवाजवळ वितभर अंतरावर डबीसकट ठेवा, परत धरेल.

बुजलेल्या भोकाचं मला सुचायला हवं होतं. माझी डबी जुनी, झाकण सैल, ती कडेनेच श्वास घेते.

काजळी | शुक्रवार, रात्री ८.४५

आणि डबीचं झाकण घट्ट असतं तर कोंडलेल्या वायूने ते उडालं असतं. नशीब समजा. पुढच्या वेळी भोक जरा मोठं करा, आणि खिळा फिरवताना तोंड बाजूला.

फुफाटा | शुक्रवार, रात्री ८.५०

एका खिळ्यापायी एवढा मोठा धागा! फोटो कुठेत?

निमूट | शुक्रवार, रात्री ९.००

फोटो उद्या टाकतो. आधी कुणीतरी सांगा, खिळ्यावरचा तो चिकटा कशाने निघतो? बोटांचाही निघत नाहीये, टंकताना कळा काळ्या होतायत.

चिंतातुर | शुक्रवार, रात्री ९.०८

बोटांना तेल चोळा, मग राखेने घासा. खिळा राहू द्या तसाच, पुढच्या वेळी परत भरणारच आहे.